एकच लेन्स घेऊन वाशीम जिल्हा फिरायचा तर

कॅमेरा घेऊन वर्ष उलटले की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. सोबत मिळालेली १८-५५ आता अपुरी वाटते. मग रोज गळ्यात अडकवून फिरता येईल अशी एक झूम घ्यायची तर कोणती? दुकानदार १८-१४० नाहीतर १८-३०० काढून दाखवतो. लग्नाची कामे करणारा मित्र बजावतो की एफ २.८ शिवाय दुसरे काही बघूच नको. आणखी कुणी म्हणतो, झूमचा नाद सोड, ५० एमएम घे आणि पायाने झूम कर. सल्ले सगळे खरे असतात, पण प्रत्येक सल्ला देणाऱ्याच्या कामाला आणि गावाला बेतलेला असतो.

म्हणून हा आढावा एका जिल्ह्याला धरून घेतला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात तालुके सहाच: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. पण तेवढ्यात जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्या आहेत, मंदिरांचे अंधारे गाभारे आहेत, चैत्रातल्या यात्रा आहेत, काळ्या रानातली सोयाबीनची मळणी आहे आणि काळविटांचे माळरानही आहे. लेन्सला लागतील तेवढ्या सगळ्या परीक्षा इथे होतात.

जिल्हा काय मागतो

वाशीम शहरात बालाजी मंदिर, पद्मतीर्थ तलाव, मध्यमेश्वराचे मंदिर ही फोटो काढणाऱ्यांची नेहमीची ठिकाणे. जुन्या वस्तीत अडचण जागेची असते. पाठ भिंतीला टेकते, तरी समोरची कमान चौकटीत मावत नाही. याचा हिशेब सोपा आहे. फुल फ्रेमच्या मापाने २४ एमएमची लेन्स दहा मीटरवरून १५ मीटर रुंदी टिपते. २८ एमएमला तेरा मीटरही मिळत नाहीत. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप सेन्सरवर १८ एमएम म्हणजे २७ होतात, कॅननच्या क्रॉपवर जवळपास २९. म्हणजे १८ पासून सुरू होणारी लेन्स लावलेल्या कॅननवाल्याच्या वाट्याला साडेबारा मीटरच्या आतच रुंदी येते. कागदावर हा फरक चार-पाच एमएमचा दिसतो, गल्लीत तो अडीच मीटरचा असतो.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीची मागणी वेगळी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते, आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून भाविक येतात. चैत्रातल्या दुपारी उजेड इतका असतो की एफ २.८ आणि एफ ६.३ यांच्यातला फरक जाणवत नाही. तिथे पल्ला लागतो. एका क्षणी अख्खी गर्दी हवी असते आणि दुसऱ्या क्षणी फेटिया-कांचळी ल्यालेल्या एखाद्या आजीचा चेहरा. चेहऱ्यासाठी फुल फ्रेमच्या मापाने ८५ ते १०५ एमएम बेताचे पडते: नाक-डोळे ताणले जात नाहीत आणि विचारूनच फोटो काढायचा तर बोलता येईल इतके जवळही राहता येते. याच गावात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दालनात पाऊल टाकताच बाहेरच्या उजेडाचे गणित उलटे होते.

कारंजात हे उलटे गणित जास्त वेळा सोडवावे लागते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले गुरुमंदिर आणि हस्तलिखितांच्या भांडारांसाठी नावाजलेली इथली जुनी जैन मंदिरे, दोन्हीकडे काम आतल्या मंद उजेडातले. फोटोला परवानगी आहे का हे आधी विचारावे, आणि असली तरी फ्लॅश पिशवीतच ठेवावा. मग उरतो तो लेन्सच्या अ‍ॅपर्चरचाच आधार.

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी होते, सुड्या लागतात, मळणी यंत्रातून कुटार उडायला लागते. त्या वेळी शेतात लेन्स बदलायला कॅमेरा उघडणे म्हणजे सेन्सरवर धूळ पेरणे. आणि कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट शंभर मीटरवर उभा राहतो, तेव्हा पल्ल्याबद्दलच्या सगळ्या जाहिराती एकदम आठवतात. त्याच्याकडे नंतर वळू.

झूम इथवर कशी आली

पस्तीस एमएम फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी विक्रीला आलेली पहिली झूम १९५९ची, फोइक्टलँडरची झूमार, ३६-८२ एमएम, एफ २.८. निकॉनची ४३-८६ ही १९६३ची. तिने झूम सामान्य हौशी लोकांच्या हातात आणली, पण कडेला रेषा वाकतात म्हणून टीकाही ओढवून घेतली. झूम म्हणजे तडजोड हा समज तेव्हापासूनचा आहे, आणि पुढची बरीच वर्षे तो बरोबरही होता.

१९९२ मध्ये टॅमरॉनने २८-२०० काढली आणि ‘एकाच लेन्समध्ये सगळे’ ही कल्पना रुजली. २००५ साली दोन महत्त्वाच्या लेन्स आल्या: कॅननची २४-१०५ एफ ४ एल आणि निकॉनची १८-२०० व्हीआर. पहिलीने ‘पल्ला बेताचा, दर्जा चांगला’ हा मार्ग दाखवला, दुसरीने ‘पल्ला भरपूर, दर्जा पुरेसा’ हा. दोन्हींत हात हलण्यावर उतारा म्हणून स्थिरीकरण होते. आजची बहुतेक दुकाने याच दोन वाटांवरचा माल विकतात. मिररलेस कॅमेऱ्यांनी त्यात एवढी भर घातली की लेन्सने रेषा वाकवल्या तरी कॅमेरा सॉफ्टवेअरने त्या सरळ करतो. त्यामुळे हल्लीची स्वस्त झूमसुद्धा असते तितकी वाईट फोटोत दिसत नाही, आणि महागडी झूम चाचणीतल्या आकड्यांइतकी वेगळी वाटत नाही.

बाजारातले चार गट

पहिला गट छोट्या किट लेन्सचा. सोनीची १६-५० फक्त ११६ ग्रॅमची, निकॉन झेडची १६-५० १३५ ग्रॅमची, कॅननची १८-४५ १३० ग्रॅमची. यांना हिणवण्याची पद्धत आहे, पण सोनी आणि निकॉनच्या लेन्सचे रुंद टोक २४ एमएमचे पडते आणि ते अनेक महाग लेन्सपेक्षा उपयोगी आहे. कॅननची मात्र एफ ४.५ पासून सुरू होते आणि लांब टोकाला एफ ६.३ वर येते. गाभाऱ्यात ती लवकर हात टेकते.

दुसरा गट मध्यम पल्ल्याचा: फुल फ्रेमच्या मापाने २४ ते १०५ किंवा १२०. निकॉन झेडची २४-१२० एफ ४ एस २०२१ ची, ६३० ग्रॅम. सोनीची २४-१०५ एफ ४ जी २०१७ ची, ६६३ ग्रॅम. कॅनन आरएफमध्ये याच पल्ल्याच्या एफ ४ एलशिवाय ३९५ ग्रॅमची एफ ४-७.१ ही हलकी बहीणही मिळते. क्रॉप कॅमेऱ्यांत फुजीची १६-८० एफ ४, आणि जुन्या डीएसएलआरवाल्यांसाठी निकॉनची १६-८० एफ २.८-४ व कॅननची १५-८५ याच गटातल्या.

तिसरा गट एफ २.८ चा. फुल फ्रेममध्ये टॅमरॉनची २८-७५ जी२ ५४० ग्रॅमची आणि सिग्माची २८-७० ४७० ग्रॅमची. क्रॉपमध्ये सिग्माची १८-५० अवघी २९० ग्रॅमची, तर टॅमरॉनची १७-७० ५२५ ग्रॅमची, पण तिला स्थिरीकरण आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या २४-७० एफ २.८ याहून जड आणि बऱ्याच महाग. कॅनन आरएफची तर ९०० ग्रॅमची. कमाईचे काम नसेल तर वैशाखात ती गळ्यात वागवण्याची हौस फार दिवस टिकत नाही.

चौथा गट सुपरझूमचा. टॅमरॉनची २८-२०० एफ २.८-५.६, निकॉन झेडची २४-२००, कॅनन आरएफची २४-२४० या फुल फ्रेमच्या. क्रॉपमध्ये कॅननची १८-१५०, निकॉनची १८-१४०, सोनीची १८-१३५ आणि टॅमरॉनची १८-३००. यांतली टॅमरॉनची २८-२०० रुंद टोकाला एफ २.८ देते, म्हणून ती या गटात वेगळी उठून दिसते. मात्र ती २८ वर सुरू होते, आणि गल्लीतला हिशेब वर आलाच आहे.

इथे एक इशारा. फुल फ्रेमची २४-१०५ क्रॉप कॅमेऱ्यावर लावली तर कॅननवर ती ३८-१६८ सारखी वागते. ‘पुढे फुल फ्रेम घेऊच’ म्हणून ती आज घेणाऱ्याच्या हातून रुंद टोक आजच जाते. कॅमेरा ज्या सेन्सरचा, लेन्सही त्याच सेन्सरची घ्यावी.

उजेडाचा हिशेब

एफ २.८ ची लेन्स एफ ४ च्या दुप्पट उजेड आत घेते आणि एफ ६.३ च्या पाचपट. आरतीच्या वेळी एफ २.८ वर १६०० आयएसओने जो शटर वेग मिळतो, तोच एफ ६.३ वर मिळवायला आयएसओ ८००० च्या आसपास न्यावा लागतो. नवे कॅमेरे ८००० सहन करतात, दहा वर्षांपूर्वीचा क्रॉप कॅमेरा करत नाही. फोटोतले रवाळपण तिथे ठळक दिसू लागते.

स्थिरीकरणाबद्दल गैरसमज बराच आहे. ते आपला हात सावरते, समोरच्या माणसाला थांबवत नाही. रिकाम्या सभामंडपाचा फोटो स्थिरीकरणाच्या जोरावर १/१० सेकंदाला निघेल. टाळ वाजवणाऱ्या हातासाठी १/१२५ किंवा त्याहून जास्तच वेग लागतो. म्हणून संध्याकाळचे भजन, लग्न, हळद ज्यांच्या फोटोंत वारंवार येते, त्यांनी तिसऱ्या गटाकडे वळणे रास्त आहे.

मात्र दुसरी वाटही आहे. एफ ४ ची झूम आणि तिच्या जोडीला ५० एमएम एफ १.८. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची आहे आणि जुन्या बाजारात स्वस्तही मिळते. निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरसाठी ३५ एफ १.८ आहे. एफ १.८ ला एफ ४ च्या जवळजवळ पाचपट आणि एफ २.८ च्या दुपटीहून जास्त उजेड मिळतो. दिवसभर झूम, दिवेलागणीला छोटी लेन्स: ही जोडी अनेकदा एकट्या एफ २.८ झूमपेक्षा हलकी आणि स्वस्त पडते. ‘पायाने झूम कर’ म्हणणाऱ्याचा सल्ला इथे अर्धा उपयोगी पडतो. उरलेला अर्धा तलावाच्या काठावर आणि यात्रेच्या गर्दीत निकामी होतो, कारण तिथे पाय टाकायला जागाच नसते.

लांब टोकाचा मोह

आता तो काळवीट. दोनशे एमएमची लेन्स शंभर मीटरवर १८ मीटर रुंदी टिपते. सव्वा मीटर लांबीचे जनावर त्यात चौकटीचा जेमतेम पंधरावा हिस्सा व्यापते. टॅमरॉनची १८-३०० निकॉन-सोनीच्या हिशेबात ४५० होते, तेव्हा रुंदी आठ मीटर उरते आणि काळवीट सहाव्या-सातव्या हिश्शाइतका दिसतो. ओळख पटण्यापुरता हा फोटो ठीक आहे, भिंतीवर लावण्यापुरता नाही. वन्यजीवांसाठी खास १५०-६०० सारखी लेन्स लागते. रोजच्या झूमकडून ते काम मागू नये. ‘कधी सोहोळला गेलोच तर’ या एका शक्यतेसाठी वर्षभर जास्त वजन आणि अंधारे अ‍ॅपर्चर वागवायचे, हा सौदा बहुतेकांना परवडत नाही.

शिवाय लांब टोक काही प्रमाणात मागाहून मिळवता येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर १०५ एमएमने काढलेला फोटो कापून १५० सारखा केला तर बारा मेगापिक्सेल उरतात. २०० सारखा केला तरी साडेसहा उरतात, वर्तमानपत्राला किंवा घरच्या अल्बमला पुरेसे. रुंद टोक असे मागाहून मिळत नाही. फोटोत आलेच नाही ते कापून येणार कुठून? दोन-तीन फोटो जोडून रुंदी साधता येते, पण समोर माणसे हलत असली की जोड फसतो.

सुपरझूमच्या बाजूने खरा मुद्दा धुळीचा आहे. शेतात, यात्रेत, कच्च्या रस्त्यावर लेन्स बदलायची वेळच येत नाही, हा फायदा पल्ल्यापेक्षा मोठा मानावा. जिल्हा पानासाठी बातम्या करणारा वार्ताहर सकाळी सभेत, दुपारी शेतात आणि संध्याकाळी अपघातस्थळी असतो. त्याला १८-१४० किंवा १८-१५० हीच शहाणी निवड. पण लांबणारी प्रत्येक झूम पुढे-मागे होताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. म्हणून सील असलेली लेन्स असेल तर उत्तम. कॅननची २४-१०५ एफ ४ एल, निकॉनची २४-१२० आणि फुजीची १६-८० अशा आहेत. कॅननची १८-१५० आणि हलकी २४-१०५ तशा नाहीत. सिग्माच्या १८-५० ला माउंटपाशी रबरी कडे आहे, तेवढ्यावर मळणीत निर्धास्त होऊ नये.

धुळीनंतर येतो पावसाळा आणि लेन्सच्या आतली बुरशी. कपाटात चामडी पिशवीत गुंडाळून ठेवलेली लेन्स आषाढ-श्रावणात सर्वांत जास्त धोक्यात असते. महागडे ड्राय कॅबिनेट नसले तरी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने काम भागते. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करायच्या. पुसताना आधी ब्लोअर, मग कापड. उपरण्याच्या टोकाने पुसलेल्या काचेवर काळ्या मातीचे कण ओरखडे ओढतात.

जवळचे अंतर

पुस्तिकेतला एक आकडा सहसा कुणी वाचत नाही: किमान फोकस अंतर. सोयाबीनच्या शेंगा, तुरीचा फुलोरा, पानावरची अळी, बंजारा भरतकामातले आरसे, जुन्या कागदावरची अक्षरे यांसाठी तो मोलाचा आहे. कृषी सहायक किंवा शेतकरी कंपनीचे काम करणाऱ्यांना तर पल्ल्यापेक्षा याचीच गरज रोज पडते. निकॉनची २४-१२० सगळ्या पल्ल्यात ३५ सेंटीमीटरवर फोकस करते आणि लांब टोकाला वस्तू चांगली मोठी दाखवते. सिग्माची १८-५० रुंद टोकाला साडेबारा सेंटीमीटरच्याही आत जाते, पण इतक्या जवळून आपलीच सावली पानावर पडते. त्यामुळे जवळ जाणारी लेन्स लांब टोकाला किती जवळ जाते, हे दुकानातच बघून घ्यावे.

मोबाइल असताना

हातातल्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ एमएमच्या आसपासचा असतो, त्याला जोडून अति-रुंद कॅमेराही असतो. उजेडात, स्थिर वस्तूसाठी तो मंदिराचा दर्शनी भाग छानच टिपतो. मग झूमचे रुंद टोक कशाला? कारण आत गेल्यावर, माणसे हलत असताना, मोबाइल अनेक फोटो एकत्र करून जो सफाईदारपणा आणतो त्यात हात आणि चेहरे पुसट होतात. पण मोबाइलमुळे एक गोष्ट सोपी झाली: २४ पेक्षा रुंद असे वेगळे काही विकत घेण्याची गरज कमी झाली. सोनीच्या २०-७० सारखी लेन्स आकर्षक आहे, पण तिचे जास्तीचे रुंद टोक बऱ्याच जणांच्या खिशात आधीच असते.

मग घ्यायची कोणती

निकषांचा क्रम असा लावावा: आधी रुंद टोक, मग अ‍ॅपर्चर, मग सील, आणि लांब टोक सर्वांत शेवटी. या क्रमाने पाहिले तर वाशीमसारख्या जिल्ह्यात फुल फ्रेमवाल्याला २४-१०५ किंवा २४-१२० एफ ४ आणि फुजीवाल्याला १६-८० हे उत्तर फारसा वाद न घालता निघते. सोनी क्रॉपवाल्याने टॅमरॉनची १७-७० पाहावी. कॅनन क्रॉप मिररलेसवाल्याला १८-१५० पल्ला देते आणि सिग्माची १८-५० उजेड. रुंद टोक दोन्हींत कमी, म्हणून त्याने आपले काम घराबाहेरचे जास्त की घरातले, एवढेच ठरवावे.

जुन्या डीएसएलआरवाल्यांनी निराश होऊ नये. अनेक जण मिररलेसकडे वळल्यामुळे निकॉनची १६-८० आणि कॅननची १५-८५ वापरलेल्या मालात मिळतात, आणि त्या कॅमेऱ्यांना याहून सोयीची झूम क्वचितच निघाली. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहावे, झूम कडे सगळ्या पल्ल्यात सारखे फिरते का पाहावे, लेन्स तोंड खाली करून धरल्यावर आपोआप लांबते का पाहावे, आणि दोन्ही टोकांना भिंतीचा एकेक फोटो काढून चारही कोपरे तपासावेत. बिल आणि भारतातली वॉरंटी नसलेला नवा माल स्वस्त दिसला तरी दुरुस्तीच्या वेळी महाग पडतो.

पैसे मोजण्याआधी मात्र एक काम करावे. गेल्या वर्षभराचे आपले फोटो संगणकावर उघडून प्रत्येकाचे फोकल लेंग्थ बघावे. ही नोंद फोटोच्या फाइलमध्येच असते. फोटो १८ वर अडकलेले असतील तर १५ किंवा १६ पासून सुरू होणारी लेन्स हवी. ५५ वर अडकलेले असतील तर लांब टोकाचा विचार खुशाल करावा. आयएसओ सतत सहा हजारांच्या वर गेलेला दिसला तर एफ २.८ नाहीतर ती छोटी एफ १.८. आणि यातले काहीच दिसले नाही, तर नवी झूम घेण्याचे कारणच उरत नाही. ते पैसे पेट्रोलला ठेवावेत आणि १८-५५ घेऊनच उरलेले तालुके फिरावेत.